मावशीने धाकटी व्हायचं ठरवलं

माझ्या आईने स्वतःसाठी पांढरं कापड निवडून ठेवलं होतं. पांढऱ्यावर बारीक काळी नक्षी, ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्या घालून. दर ईस्टरला ती ते बाहेर काढायची, अंगणात ऊन दाखवायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. "मला पोचवायला कुणी तांबडं नेसून आलं तर पेटीतून उठून हाकलून देईन," असं आल्यागेल्याला सांगायची. आमच्या एफिदुआसे गावात सत्तरी ओलांडून, भरल्या घरातून माणूस गेलं की लोक पांढरं-काळं नेसून येतात. अवेळी गेलेल्यासाठी काळं-तांबडं. आई शहात्तर वर्षांची होती, नातवंडं काय, पणतीसुद्धा तिने मांडीवर खेळवली होती. पांढरं तिच्या हक्काचं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता. आपलं वय अभिमानाने सांगणारी दुसरी बाई मी आजवर पाहिलेली नाही.

बाकीच्या बायांचं काय सांगावं. कुमासीत माझं शिलाईचं दुकान आहे, त्यामुळे मापं घेताना मला सगळं दिसतं. चेहरा क्रीम चोळचोळून पिकल्या पपईसारखा केलेला, आणि बोटांची पेरं होती तशी काळीच. कमरेला असा पट्टा आवळलेला की बाईला बसता येत नाही आणि शिंकायची भीती वाटते. माप घेतलं तेवढं लिहू नको, थोडं कमी लिही, असं मला सांगणाऱ्या बायका आहेत. मग ब्लाउज दंडात घट्ट झाला की माझ्याच नावाने शंख करतात. चाळिशीनंतर त्यांचा वाढदिवस येतो, केक येतो, फोटो निघतात, वय मात्र पुढे सरकत नाही. मला त्यांचा राग येत नाही. कंटाळा येतो.

या सगळ्यांची राणी म्हणजे माझी मावशी, कम्फर्ट पोकुआ. आईहून दोन वर्षांनी मोठी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. स्वतःच्या हिशेबाने त्रेसष्ट, आणि तेही कुणी फारच खनपटीला बसलं तर. कुमासीच्या असाफो भागात तिचं ब्यूटी पार्लर आहे आणि पाटीवर तिचाच हसरा फोटो आहे. फोटो तिचाच, यात खोटं काही नाही. तो काढला तेव्हा मी शाळेत जात होते एवढंच. आमच्यात आईच्या थोरल्या बहिणीला मोठी आई म्हणतात. मी दहा-बारा वर्षांची असेन तेव्हा तिने मला बाजूला घेऊन गालाला चिमटा काढला आणि बजावलं, "यापुढे आंटी म्हणायचं. मोठी आई म्हटलंस तर ओ देणार नाही." आणि खरोखर ती ओ द्यायची नाही. एकदा चुलीवरचं सूप उतू जात होतं म्हणून मी मोठी आई, मोठी आई करून हाका मारल्या. सूप गेलं, ती जागची हलली नाही.

आई, म्हणजे बिरागो, गेली आणि आठवड्याने कुळाची बैठक बसली. आमच्यात माणूस आईच्या कुळाचं असतं. मातीचा दिवस, कापडाचा रंग, गावभर लागणाऱ्या मातीच्या पोस्टरचा मजकूर, सगळं कुळाने ठरवायचं. पोरांनी पेटी आणायची आणि गप्प बसायचं. कुळाचा म्होरक्या क्वाबेना मामा, आईचा मावसभाऊ. त्याची दाढी बुटाला पॉलिश मारावं तशी काळीभोर, आणि गेली कित्येक वर्षं तो पासष्टाचाच आहे. त्याच्या शेजारी मावशी बसली होती. डोक्यावर खांद्यापर्यंतचा विग, कपाळावर पेन्सिलीने काढलेल्या दोन भुवया. तिच्या स्वतःच्या भुवया तिने केव्हाच उपटून टाकल्या होत्या. एका बाजूला मी आणि माझी धाकटी बहीण दोरकास, जी ताकोराडीहून आली होती.

पोस्टरचा मजकूर निघाला तसं मावशीने घसा साफ केला. "बिरागोचं वय एकसष्ट घाला," ती म्हणाली.

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. "आंटी, आई शहात्तर वर्षांची होती."

"कोण म्हणतं?"

"आई म्हणायची."

"तिला वाढवून सांगायची खोड होती. मान मिळतो ना म्हाताऱ्यांना."

"मी चौपन्न वर्षांची आहे. आई एकसष्टची असेल तर मला तिने सातव्या वर्षी जन्म दिला का?"

मावशीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पार्लरात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकीला ती असंच पाहते, कुठे कुठे दुरुस्ती लागेल ते. "तर तू चौपन्न कशाला सांगत फिरतेस?" ती म्हणाली. "कुणी जबरदस्ती केलीय का? चाळीस सांग. थोडं क्रीम लावलंस, ती कपाळावरची आठी घालवलीस, तर खपून जाईल."

मी दोरकासकडे पाहिलं. वाटलं, ही तरी काही बोलेल. बाईसाहेब मनातल्या मनात हिशेब करत होत्या. त्या हिशेबात ती अठ्ठेचाळीसवरून तेहतिसावर आलेली तिला दिसली असावी, कारण तिच्या चेहऱ्यावर, आई जाऊन आठच दिवस झालेले असताना, एक समाधान पसरलं.

"आकडा काय, लोक कुठे वाचत बसतात," दोरकास म्हणाली. "आंटी मोठी आहे घरात, ती म्हणेल तसं करू."

"मोठी म्हणजे अनुभवाने," मावशी लगेच म्हणाली.

मामाने दाढी खाजवली. त्याला खरं माहीत होतं, पण दुसऱ्याच्या वयाला हात घातला की आपल्यावर येतं हेही माहीत होतं. "एक अडचण आहे," तो म्हणाला. "एकसष्ट घातलं तर कापड काळं-तांबडं होईल. लोक म्हणतील अवेळी गेली. बिरागोला पांढरं हवं होतं."

"होऊ दे तांबडं," मावशी म्हणाली. "तांबडं मला खुलून दिसतं."

ती हे बोलली तेव्हा तिच्या सख्ख्या बहिणीचं शरीर शवागारात बर्फात होतं. या बाईच्या पाठीवर मी लहानपणी झोपले होते, आणि त्या क्षणी मला तिची किळस आली. आईसाठी फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "ठीक आहे. छापा एकसष्ट. मातीच्या दिवशी मांडवात माइक असतोच. पेटीशेजारी उभी राहून मी सगळ्या गावाला सांगते की आई शहात्तरची होती, आणि तिच्या थोरल्या बहिणीला स्वतःचं वय लपवायचं होतं म्हणून तुम्ही सगळे आज तांबडं नेसून बसला आहात."

"ही नेसूचं सोडून डोक्याला बांधणारी आहे," मावशी मामाला म्हणाली. "अगदी बापावर गेलीय."

पण मामा घाबरला होता. गावासमोर कुळाची शोभा होण्यापेक्षा त्याला काहीही चाललं असतं. त्याने दोन्ही हात वर केले. "शहात्तर घालू. पांढरं-काळं ठेवू. विषय संपला." मग त्याला पुढचं सुचलं आणि तो अडखळला. "फक्त, पोकुआ, तू तर बिरागोच्या वरची. मग लोक तुझं..."

मावशी समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते आता मला कळतं. पार्लरातली पाटी, तिच्या क्रीमच्या बाटल्या घेऊन जाणाऱ्या बायका, आणि तिच्याभोवती घुटमळणारा तो टायरवाला विधुर, ज्याला ती साठीच्या जरा पुढची वाटत होती. एवढं सगळं एका पोस्टरने पुसून जाणार होतं. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"मी वरची हे कुणी सांगितलं तुम्हाला?" ती म्हणाली. "मी धाकटी."

मामाने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"बिरागो थोरली, मी धाकटी. शहात्तर ती आणि त्रेसष्ट मी. हवं ते कापड नेसा."

"मधे तेरा वर्षं?" मामाने विचारलं.

"आईला विश्रांती हवी होती."

सांगायला लाज वाटते, पण मला हसू आलं. बरं, हिला खोटं पाडणार कोण? गावात खरं माहीत असलेल्या चारदोन म्हाताऱ्या होत्या, पण त्यांतल्या प्रत्येकीने कुठे ना कुठे काही छाटलेलं होतं, कुणी वय, कुणी पहिला नवरा. आईला पांढरं मिळत होतं. मला तेवढंच हवं होतं. मी मान हलवली.

मामाने सुस्कारा सोडला आणि पुढच्या कामांकडे वळला. मांडव, खुर्च्या, जेवण, बसगाड्या. शेवटी केसांचा विषय निघाला. आमच्या कुळात माणूस गेलं की मुलं आणि धाकटी भावंडं डोकं भादरून घेतात, काजळ-क्रीम सोडतात आणि उघड्या डोक्याने मांडवात बसतात. मोठ्यांना ते नसतं. मोठं भावंड धाकट्यासाठी केस उतरवत नाही. मामा बोटांवर नावं मोजू लागला. "अकुआ, दोरकास, आणि..." तो थांबला. "आणि पोकुआ तू."

"हो, मीपण," मावशी त्याच ऐटीत म्हणाली. मग तो शब्द तिच्या आत उतरला असावा. तिचा हात विगकडे गेला.

मी तिला संधी दिली, हे मला सांगायचं आहे. मी तिच्याकडे वाकून हळू आवाजात म्हटलं, "आंटी, अजून वेळ गेलेली नाही. थोरली हो. विग राहील, भुवया राहतील. कुणी हात लावणार नाही तुला."

तिने माझ्याकडे इतक्या द्वेषाने पाहिलं की मी मागे सरले.

"मी धाकटी आहे," ती म्हणाली.

मातीपर्यंतचे ते आठवडे तिने काय नाटक केलं, ते बघण्यासारखं होतं. जिला जन्मभर "ए बिरागो, पाणी आण" म्हणून राबवलं, तिला आता ती ताई म्हणू लागली. ताईने मला अंगाखांद्यावर खेळवलं, ताईने मला चालायला शिकवलं. पार्लरात केस धुवायला आलेल्या बायकांना ती हे सांगायची आणि त्या च्‌च्‌ करायच्या. एकदा मी तिथेच होते. ती इतक्या मनापासून रडत होती की क्षणभर मलाही ते लहानपण खरं वाटलं. मग मला दिसलं की ती डोळे खालून टिपत होती, रंग पसरू नये म्हणून.

शुक्रवारी सकाळी गावच्या घरी आमचे केस उतरवले. आधी मी बसले. माझं काही गेलं नाही, पांढरे-काळे चार केस होते ते गेले. दोरकासने नुकत्याच घातलेल्या वेण्या काढायला लावल्या तेव्हा ती इतकी रडली की बाहेरच्या लोकांना वाटलं, पोरीचा आईवर फार जीव. मग मावशी आली. तिने स्वतःच्या हाताने विग काढला आणि मांडीवर ठेवला. खाली विरळ, रंगवलेले केस होते, मुळाशी कापसासारखे. वस्तरा फिरला, ते गेले. मग कोमट पाण्याचं घमेलं आलं आणि तिने तोंड धुतलं.

मी त्या बाईला जन्मापासून ओळखत होते, आणि तो चेहरा मी पहिल्यांदा पाहत होते. भुवया नाहीत. क्रीमने वर्षानुवर्षं सोललेली कातडी पातळ आणि डागाळलेली, गालांवर जांभळट चट्टे, डोळ्यांखाली पिशव्या. माझी आई शेवटपर्यंत तोंडाला शेंगेचं तेल सोडून काही लावत नव्हती. शवागारातून घरी आणलेल्या पेटीत ती झोपलेली दिसत होती, कपाळ गुळगुळीत. त्यांना शेजारी शेजारी पाहून कुणीही सांगितलं असतं की यांतली एक दुसरीहून वीस वर्षांनी मोठी आहे. फक्त मोठी म्हणून बोट मावशीकडे गेलं असतं, आणि ते तिच्या सोयीचं नसतं.

"आरसा द्या," ती म्हणाली. कुणी दिला नाही. मीच सांगून ठेवलं होतं, देऊ नका म्हणून. दया म्हणून की आणखी कशासाठी, ते मी ठरवलेलं नाही.

शनिवारी मांडव पांढराशुभ्र झाला. कुमासीहून, कोनोंगोहून, सगळीकडून लोक आले, सगळे पांढऱ्या-काळ्यात, आणि मला आईसाठी फार बरं वाटलं. आम्ही रांगेत पहिल्या खुर्च्यांवर बसलो होतो. मामा, त्याच्या शेजारी मावशी, मग मी, मग दोरकास. आलेले लोक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हस्तांदोलन करत जात होते. मावशी ताठ बसली होती आणि हात पुढे करत होती, आणि तो टायरवाला विधुर तिचा हात हातात घेऊन, पुढच्या खुर्चीकडे सरकताना, मला विचारून गेला, "कम्फर्ट कुठे दिसत नाही?" तिने ते ऐकलं. मी पाहिलं, तिने ऐकलं.

मग ताकोराडीची बस आली. दोरकासच्या चर्चमधल्या बायका, पंचवीस-तीस जणी, पुढे त्यांची म्होरकी मिसेस अम्पाडू. भरदार, दयाळू, सगळ्यांची काळजी वाहणारी बाई. तिच्यासारख्या बायकांपासून देवाने वाचवावं. दोरकास तिच्यासाठी खुर्च्या बघायला उठून गेली होती. मिसेस अम्पाडू मामाचा हात हलवून मावशीपाशी आली आणि थांबली. मावशीकडे पाहिलं, पेटीतल्या आईकडे पाहिलं, पुन्हा मावशीकडे. तिचे डोळे भरून आले. तिने पुढे होऊन मावशीचे दोन्ही हात धरले.

"नाना," ती म्हणाली. नाना म्हणजे आजी. "तुम्ही इथे कशा? तुम्हाला इथे कुणी बसवलं?"

मावशीला काही कळेना.

"आईने लेकीच्या मातीला थांबू नये, नाना. हे बघणं आईच्या वाट्याला येऊ नये म्हणून तर रीत आहे." तिने मागे वळून आपल्या बायकांना खूण केली. "एवढ्या वयाच्या बाईला उन्हात बसवलंय. या घरात कुणाला काही आहे की नाही?"

आमच्यात आई-बाप लेकराच्या मातीला थांबत नाहीत, हे खरं आहे. त्यांना आत नेतात, दार लावून घेतात. दोन धट्ट्याकट्ट्या बायका पुढे आल्या आणि त्यांनी मावशीला काखेत धरलं. पांढऱ्या कापडातून तिचे खांदे दिसत होते, हाडं नुसती.

"सोडा," मावशी म्हणाली. "मी तिची आई नाही. मी बहीण आहे."

"हो, हो, नाना."

"मी तिची थोरली बहीण आहे," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज मांडवभर गेला. "थोरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे मी. बिरागो माझ्या पाठची, मी तिला पाठीवर घेऊन फिरवली. मी अठ्ठ्याहत्तरची आहे." उभ्या जन्मात पहिल्यांदा ती तो आकडा बोलत होती. मामा स्वतःच्या पायांकडे पाहू लागला.

मिसेस अम्पाडूचा विश्वास बसला नाही. दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलंय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी तिने खात्री करून घ्यावी म्हणून माझ्याकडे पाहिलं. मावशीनेही पाहिलं. डोळ्यांवर पापण्यांचे केससुद्धा नव्हते, नुसते लाल डोळे.

"अकुआ, सांग हिला," ती म्हणाली. "मी मोठी आई आहे तुझी. सांग."

मला आठवलं ते एकच. तांबडं मला खुलून दिसतं.

"ही आईची धाकटी बहीण," मी म्हटलं. "त्रेसष्ट वर्षांची."

मिसेस अम्पाडूने त्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दुःखाने माझंही भान गेलंय असं वाटून तिला माझीही कीव आली असावी. तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. मग त्या तिघींनी मावशीला उठवलं आणि घराकडे नेलं. तिने पाय रोवून पाहिले, पण त्या धट्ट्याकट्ट्या होत्या. एकीने तिच्या उघड्या डोक्यावर छत्री धरली होती. आतून दार लागल्याचा आवाज आला.

तिची खुर्ची रिकामी राहिली. पुढची बाई ती खुर्ची ओलांडून माझ्यापाशी आली आणि मी हात पुढे केला.